निडहॉग: मुळं कुरतडणारा ड्रॅगन नेमका कशाचं प्रतीक आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, पुराणातल्या निडहॉग या ड्रॅगनचा टॅटू काढायचा आहे. जिथे पाहावं तिथे तो ‘विनाश आणि पुनर्जन्माचं प्रतीक’ असं लिहिलेलं आहे. काही ठिकाणी तर ‘तो ज्या दिवशी विश्ववृक्षाचं मूळ तोडेल त्या दिवशी जग बुडेल’ असंही आहे. मूळ काव्यात हे खरंच आहे का, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा?

आधी दुसऱ्या वाक्याचा निकाल लावते, कारण तो सोपा आहे. मूळ तुटलं की रॅग्नारोक, म्हणजे देवांचं अंतिम युद्ध, सुरू होतो, असं कोणत्याही जुन्या नॉर्स संहितेत नाही. त्या अंतिम युद्धाच्या वर्णनात इग्द्रासिल हा विश्ववृक्ष थरथरतो असं आहे, आणि तोही उभ्याउभ्या थरथरतो. पडल्याचा उल्लेख नाही. निडहॉग त्या युद्धात लढतही नाही. देवांचा राजा ओडिन याच्या वाट्याला फेनरिर लांडगा आहे, थॉर देवाच्या वाट्याला यॉर्मुनगांड हा समुद्रसर्प आहे, फ्रेयर देवाच्या वाट्याला सुर्त हा राक्षस आहे. निडहॉगच्या वाट्याला कुणीच नाही. मुळाखाली अडकलेला आणि सुटकेची वाट बघणारा राक्षस ही अलीकडच्या गेम्सची आणि कॉमिक्सची कमाई आहे. कल्पना म्हणून झकास, पण जुनी नव्हे.

‘विनाश आणि पुनर्जन्म’ हे मात्र साफ चूक म्हणता येत नाही, आणि बरोबरही म्हणता येत नाही. त्यासाठी मूळ ओळी बघाव्या लागतात. मी गेली अनेक वर्षं या संहिता विद्यार्थ्यांबरोबर वाचते आहे. निडहॉगबद्दल पहिली गोष्ट सांगते ती ही, की त्याच्याबद्दलचा सगळा मजकूर एका पोस्टकार्डावर मावेल. ‘व्होलुस्पा’ या काव्यात तो दोनदा येतो, ‘ग्रिम्निस्माल’मध्ये दोनदा, आणि आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसोनने साधारण 1220च्या सुमारास लिहिलेल्या ‘गद्य एडा’ या पुराणकथांच्या ग्रंथात मोजक्या ठिकाणी. स्नोरीने बरंचसं याच काव्यांवरून घेतलं आहे. ही दोन्ही काव्यं ‘कोडेक्स रेगियस’ नावाच्या ज्या चामड्याच्या हस्तलिखितात आहेत ते 1270च्या आसपास आइसलँडमध्ये लिहिलं गेलं, 1643मध्ये स्कालहोल्टच्या बिशपच्या हाती आलं, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि 1971मध्ये बोटीने आइसलँडला परतलं. व्होलुस्पाची आणखी एक प्रत ‘हाउक्सबोक’ या चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे. म्हणजे आइसलँड ख्रिस्ती झाल्यानंतर अडीच-तीनशे वर्षांनी हे कागदावर, खरं तर वासराच्या कातड्यावर, उतरलं. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

ग्रिम्निस्मालपासून सुरुवात करू. तिथे ओडिन वेषांतर करून एका राजाकडे आला आहे, राजाने त्याला दोन आगींच्या मध्ये बसवून ठेवलं आहे, आणि त्या धगीत बसून तो विश्वाची रचना सांगतो आहे. त्यात एक कडवं आहे. त्याचा आशय असा: इग्द्रासिल वृक्ष माणसांना ठाऊक आहे त्याहून जास्त हाल सोसतो. वरून हरीण त्याला ओरबाडतं, बाजूने तो कुजतो, आणि खालून निडहॉग त्याला फाडतो.

या कडव्यात निडहॉगला खलनायकाची गादी नाही. हरीण आहे, कूज आहे, आणि तो आहे. तिघं आपापल्या बाजूने झाड संपवताहेत, आणि हरणाला कुणी दुष्ट म्हणत नाही. त्याच्या आदल्या कडव्यात ओडिन सांगतो, की झाडाखाली इतके साप आहेत की मूर्खांना त्याची कल्पनाही येणार नाही, आणि मग त्यांची नावं देतो: गोइन, मोइन, ग्राबाक, ग्राफवोलुद, ओफ्निर, स्वाफ्निर. आता गंमत बघा. याच काव्याच्या शेवटी ओडिन आपली खरी ओळख उघड करतो, स्वतःची नावं धडाधड मोजून दाखवतो, आणि त्यात ओफ्निर आणि स्वाफ्निर ही दोन्ही नावं येतात. म्हणजे झाडाखाली कुरतडणाऱ्या सापांपैकी दोघांची नावं देवांच्या राजाचीही आहेत. याचा अर्थ ‘ओडिनच साप आहे’ असा लगेच लावायची घाई नको. पण देव एका बाजूला आणि साप दुसऱ्या बाजूला अशी स्वच्छ वाटणी या कवीच्या डोक्यात नव्हती, एवढं तर नक्की दिसतं.

झाडाच्या डागडुजीची व्यवस्थाही आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. स्नोरी लिहितो, की नियतीच्या तीन स्त्रिया, नॉर्न, रोज उर्दच्या विहिरीतलं पाणी आणि तिच्या काठचा चिखल घेऊन झाडावर शिंपतात, म्हणजे फांद्या वाळू नयेत, कुजू नयेत. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तसलाच हा प्रकार, फक्त रोजचा. एकीकडून कुरतडणं, एकीकडून लिंपणं. मला विचाराल तर निडहॉगच्या प्रतीकार्थाचा पहिला थर इथे आहे: जग एका क्षणी कोसळत नाही, ते रोज झिजतं आणि रोज सावरलं जातं. निडहॉग हा त्या झिजेचा एक भाग.

मग खार आली. रॅटाटॉस्क नावाची खार झाडावर वर-खाली धावते आणि शेंड्यावरच्या गरुडाचे शब्द खाली निडहॉगला पोचवते. काव्यात एवढंच आहे, आणि तेही एकाच दिशेने. ‘दोघांमध्ये द्वेषाचे निरोप पोचवते’ ही भर स्नोरीची. गरुडाच्या दोन डोळ्यांच्या मध्ये ससाणा बसला आहे, तोही स्नोरीचाच. चुगलखोर खार सगळ्यांना आवडते, त्यामुळे या प्रसंगावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला त्यात फार खोल अर्थ दिसत नाही. वर गरुड, खाली साप ही जोडी जगभर सापडते, आपल्याकडे गरुड आणि नाग आहेतच. तेवढ्यावरून एकाची गोष्ट दुसऱ्याकडून आली असं ठरवता येत नाही.

आता व्होलुस्पा, आणि इथे प्रकरण गंभीर होतं. हे काव्य एक द्रष्टी स्त्री, व्होल्वा, ओडिनला सांगते आहे. सृष्टी कशी झाली इथपासून ती कशी संपेल इथपर्यंत. मधेच ती एक सभागृह बघते. ते सूर्यापासून दूर, नास्त्रोंड म्हणजे प्रेतांच्या किनाऱ्यावर उभं आहे. दारं उत्तरेला. छपरात धूर जायला ठेवलेल्या भोकातून विषाचे थेंब आत गळताहेत. भिंती कशाच्या, तर सापांच्या पाठीच्या कण्यांनी विणलेल्या. नॉर्वे-आइसलँडच्या माणसाला हे घर लगेच ओळखीचं वाटलं असेल. मधे चूल, वर धुराचं भोक, सगळं त्याच्याच घरासारखं. फक्त उजेड-उबेच्या जागी विष, आणि दार थंड दिशेला. त्या सभागृहाजवळच्या जड प्रवाहांतून काही माणसं चालताहेत. कोण? खोटी शपथ घेणारे, खुनी, आणि दुसऱ्याच्या बायकोला फूस लावणारे. आणि तिथे निडहॉग मेलेल्यांची प्रेतं शोषतो आहे.

स्नोरीने हाच प्रसंग घेताना एक क्रियापद बदललं. काव्यात निडहॉग प्रेतं ‘शोषतो’, स्नोरीकडे तो त्यांना ‘छळतो’. बदल छोटा, पण त्याने प्राण्याची जातच बदलते. शोषणारा सर्प खातो आहे, त्याला शिक्षेशी घेणंदेणं नाही. छळणारा सर्प म्हणजे नरकातला नोकर. स्नोरी ख्रिस्ती होता, शिकलेला होता, आणि नरकाचं चित्र त्याच्या परिचयाचं होतं. व्होलुस्पामध्येही ख्रिस्ती रंग मिसळला आहे की नाही यावर अभ्यासकांचं भांडण जुनं आहे. पापी, नदी, शिक्षा ही मांडणी बघता काहीतरी मिसळलं असावं असं मलाही वाटतं. पण पाप्यांची यादी मात्र अस्सल उत्तरेकडची आहे. तिच्यात देवाला न मानणारे नाहीत, आळशी किंवा खादाड नाहीत. सगळ्यात आधी आहेत ते शपथ मोडणारे.

हे का, ते समजायला त्या समाजाकडे बघावं लागतं. आइसलँडमध्ये परंपरेनुसार 930मध्ये आल्थिंग ही सभा सुरू झाली. राजा नव्हता, पोलीस नव्हते, निकालाची अंमलबजावणी करणारी सरकारी यंत्रणा नव्हती. कायदा लिहिलेलाही नव्हता. कायदा सांगणारा एक माणूस होता आणि तो दर वर्षी एकतृतीयांश कायदा सभेत पाठ म्हणायचा. अशा ठिकाणी साक्ष, करार, तह, जमिनीची हद्द, खुनाची भरपाई, सगळं शपथेवर उभं. ‘लांडनामाबोक’ या वसाहतीच्या इतिहासात मंदिरातल्या अंगठीवर हात ठेवून, फ्रेयर, न्योर्द आणि ‘सर्वशक्तिमान आस’ (आस म्हणजे देव) यांना स्मरून घ्यायच्या शपथेचं वर्णन आहे. त्या मजकुराची नोंद नंतरची आहे, पण अंगठीच्या शपथेचे उल्लेख इतरत्रही सापडतात. शपथ खोटी निघाली की खाली काही उरत नाही.

आणि आता तोच कवी देवांबद्दल काय म्हणतो ते बघा. व्होलुस्पाच्या पूर्वार्धात, जगाचा ऱ्हास सुरू होण्याच्या वळणावर, तो सांगतो की शपथा मोडल्या गेल्या, वचनं आणि दिलेले शब्द मोडले गेले, दोघांमध्ये झालेले सगळे बळकट करार मोडले गेले. मोडणारे कोण? देव. स्नोरी त्याची गोष्ट देतो: एका बांधकाम्याने देवांच्या नगरीची तटबंदी ठरल्या मुदतीत बांधून द्यायची, मोबदल्यात फ्रेया देवी, सूर्य आणि चंद्र घ्यायचे, असा करार शपथेवर झाला. काम पुरं होत आलं तेव्हा देवांनी कपटी लोकीला पुढे करून त्यात खोडा घातला. बांधकाम्या राक्षस आहे हे उघड झालं, तेव्हा शपथा बाजूला ठेवून त्यांनी थॉरला बोलावलं, आणि त्याने मजुरी हातोड्याने चुकती केली. ‘हावामाल’ या दुसऱ्या काव्यात तर थेट म्हटलं आहे, की ओडिनने अंगठीवर शपथ घेतली होती, आता त्याच्या शब्दावर कोणी विश्वास कसा ठेवायचा? आणि हे काव्य ओडिनच्याच तोंडचं समजलं जातं.

माझं उत्तर इथेच आहे. ग्रिम्निस्मालमध्ये निडहॉग जगाच्या झाडाचं मूळ खातो. व्होलुस्पामध्ये तो शपथ मोडणाऱ्यांची प्रेतं खातो. बहुतेक लेखांत ही दोन वेगळी ‘कामं’ म्हणून दिलेली असतात. मी ती एकत्र वाचते. दिलेला शब्द हेच जर त्या जगाचं मूळ असेल, तर मुळाशी बसलेला प्राणी आणि शब्द मोडणाऱ्यांना शोषणारा प्राणी एकच असणं साहजिक आहे. तो बाहेरून आलेला शत्रू नाही. शब्द मोडणारे त्याला खाऊ घालतात, आणि त्यात देवही आले. हे दोन्ही काव्यांतलं एकत्रित वाचन आहे, कोणत्याही एका कडव्यात असं सूत्र लिहिलेलं नाही. म्हणून कुणी वेगळं वाचलं तर मी भांडणार नाही. ‘विनाशाचं प्रतीक’ या गुळगुळीत शब्दांपेक्षा मात्र हे संहितेच्या जास्त जवळ आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

त्याच्या नावातही याला पुष्टी मिळते. नावाचा पहिला भाग बहुतेक अभ्यासक ‘नीद’ असा वाचतात. नीद म्हणजे समाजात माणसाची पत घालवणारी नामुष्की, आणि ती आणणारा अपमानही. हा अपमान इतका गंभीर, की काही शब्दांसाठी बोलणाऱ्याला ठार मारण्याची मुभा कायद्यात होती. एगिल स्काल्लाग्रिमसोन या कवीने नॉर्वेचा राजा एरिक आणि राणी गुनहिल्ड यांच्याविरुद्ध हेझेलच्या काठीवर घोड्याचं मुंडकं खोचून उभं केलं, ते या नीदचंच खांब-रूप. जुन्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ नीट दाखवत नसत, त्यामुळे ‘अंधार’ या अर्थाकडे जाणारा ऱ्हस्व उच्चारही काही जण सुचवतात. मी पहिल्या बाजूची आहे.

आता पुनर्जन्म. व्होलुस्पाच्या शेवटी जग जळतं, समुद्रात बुडतं, आणि मग पुन्हा हिरवंगार वर येतं. गवतात देवांना जुन्या पटाच्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. न पेरलेल्या शेतात पीक येतं. सोन्याने शाकारलेलं गिमले नावाचं सभागृह उभं आहे. इथे काव्य संपलं असतं तर सगळं छान झालं असतं. पण अगदी शेवटच्या कडव्यात खालून, निडा पर्वतांकडून, काळोखा ड्रॅगन उडत येतो. चमकणारा सर्प. मैदानावरून जाताना त्याच्या पिसांत प्रेतं आहेत. आणि मग शेवटची ओळ: आता ती बुडेल.

ती कोण? हस्तलिखितात सर्वनाम स्पष्ट स्त्रीलिंगी आहे, आणि ड्रॅगनसाठीचा शब्द पुल्लिंगी. म्हणजे बुडणारी व्होल्वा आहे. तिचं सांगून संपलं आणि ती जिथून उठली तिथे परत चालली. काही जुन्या संपादकांना हे पटलं नाही. त्यांनी ‘ती’चं ‘तो’ केलं, म्हणजे ड्रॅगन बुडतो, वाईटाचा शेवट होतो, सगळं गोड होतं. हस्तलिखित असं म्हणत नाही. निडहॉग नव्या जगात आला की जुन्या जगाचा कचरा उचलून निघून गेला, की द्रष्टी ओडिनच्या वर्तमानात परत आली आणि हे दृश्य अजून यायच्या युद्धाची चाहूल आहे, हे कवीने सांगितलेलं नाही. मला शेवटचा पर्याय जास्त पटतो, कारण ऐकणारा ओडिन अजून जिवंत आहे, त्याचं मरण अजून यायचं आहे. कोणताही पर्याय घ्या, पुनर्जन्म निडहॉगमुळे होत नाही. जग हिरवं होऊन गेल्यावर तो येतो, आणि तेही प्रेतं घेऊन. त्यामुळे त्याला ‘पुनर्जन्माचं प्रतीक’ म्हणणं मला ताणलेलं वाटतं.

आणखी एक लक्षात घ्या: पंख किंवा पिसं फक्त या एका कडव्यात आहेत, आणि ‘ड्रॅगन’ हा शब्दही त्याच्यासाठी फक्त इथेच. हा शब्द लॅटिनमधून उत्तरेत आला. बाकी सगळीकडे तो सर्प आहे.

आपल्याकडचे वाचक विचारतात की हा शेष की वासुकी. दोन्ही नाही. शेष पृथ्वी पेलतो, हा झाड खातो. पण एका खऱ्या धाग्याकडे लक्ष वेधते. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला एक दृष्टांत सांगतो: एक माणूस विहिरीत वेलींना उलटा लोंबकळतो आहे, तळाशी महासर्प, आधाराची मुळं काळे-पांढरे उंदीर कुरतडताहेत, आणि हा मधाचे थेंब चाटतो आहे. हा दृष्टांत बुद्धाच्या जीवनकथेवरून घडलेल्या ‘बार्लाम आणि योसाफात’ या ख्रिस्ती कथेत शिरला, भाषांमागून भाषा ओलांडत गेला आणि तेराव्या शतकाच्या मध्याला जुन्या नॉर्समध्ये उतरला. निडहॉग त्यातून आला असं मी म्हणत नाही. ग्रिम्निस्माल त्याआधीचं मानलं जातं. पण खाली ड्रॅगन आणि वर कुरतडलं जाणारं झाड हे चित्र तेराव्या शतकातल्या नॉर्स जगात दोन वेगळ्या वाटांनी वाचलं जात होतं, आणि त्यातली एक वाट आपल्याकडून निघाली होती.

टॅटूसाठी संदर्भचित्र म्हणून लोक नॉर्वेतल्या उर्नेसच्या लाकडी चर्चचं उत्तर दार पाठवतात. हे चर्च 1979पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि दाराच्या फळ्या अकराव्या शतकातल्या, आधीच्या चर्चमधून काढून बसवलेल्या. त्यावर एक सडपातळ चार पायांचा प्राणी आणि दोरीसारखे बारीक सर्प एकमेकांना चावत गुंतले आहेत. हा मुळं खाणारा निडहॉग असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. दारावर कुठेही नाव कोरलेलं नाही. सिंह आणि सर्पाची ख्रिस्ती लढाई, असंही त्याचं वाचन करतात. रेषा अप्रतिम आहेत, जरूर वापरा. फक्त ‘हाच निडहॉग’ असं कुणाला सांगू नका.

शेपूट तोंडात धरलेलं वर्तुळ काढू नका, तो यॉर्मुनगांड. सोन्याच्या ढिगावर बसवू नका, तो फाफ्निर हा दुसरा ड्रॅगन. आणि तोही आग ओकत नाही, विष फुंकतो. आग निडहॉगकडेही नाही. मुळाशी काढायचा असेल तर पंखांशिवाय, सापासारखा, आणि एकटा नको, भोवती आणखी साप हवेत. स्नोरी म्हणतो की ह्वेरगेल्मिर या झऱ्यात त्याच्याबरोबर इतके साप आहेत की कुठल्या जिभेला मोजता येणार नाहीत. पंखांसह हवा असेल तर मग व्होलुस्पाचं शेवटचं कडवं घ्या, आणि पिसांतली प्रेतं गाळू नका, नाहीतर तो कुठल्याही दुकानातला ड्रॅगन होईल. रून लिपीत नाव लिहायचं झालं तर व्हायकिंग काळातली 16 अक्षरांची लिपी वापरा. नेटवरची बहुतेक यंत्रं त्याआधीच्या 24 अक्षरांच्या लिपीत लिहून देतात, आणि व्होलुस्पाच्या काळापर्यंत ती रोजच्या वापरातून गेलेली होती.